कोळ्याचं घर

गेल्या वर्षी जूनच्या शेवटच्या आठवड्यात माझा भाचा पुण्याहून आमच्याकडे वटारला आला. पाठीवर सॅक, हातात कापडी पिशवी आणि पिशवीत झाकणाला भोकं पाडलेली उंच प्लॅस्टिकची बरणी. शिकायला जर्मनीला निघाला होता. सलाम-दुआ झाल्यावर त्याने बरणी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "फुफी, हिला कुणी ठेवून घेत नाही. तूच बघ काहीतरी."

आत ओल्या भुशावर नारिंगी रंगाचा, तळहाताएवढा केसाळ कोळी बसला होता. टॅरंटुला! माझी किंकाळी शेजारच्या वाडीपर्यंत गेली असेल. "उचल आणि टाकून ये केळीत," मी म्हटलं. भाचा गयावया करू लागला. हा आफ्रिकेतल्या कोरड्या प्रदेशातला जीव. आपल्या पावसात सोडला तर मरेल, आणि जगला तरी परका जीव आपल्या रानात सोडणं वाईटच. त्याने ती एका छंदी मित्राकडून नखाएवढी असताना घेतली होती. मादी आहे, असंही त्याने सांगितलं.

"मादी? मग कोळीण म्हणा की!" सासूबाई हसल्या. आमच्या दारी अर्नाळ्याहून मासे घेऊन येते तीही कोळीणच. मग त्या गंभीर झाल्या. मांजर कोंडून ठेवणाऱ्या बाईची हदीस त्यांनी सांगितली. त्या बाईने मांजरीला ना खाऊ घातलं, ना मोकळं सोडलं, आणि त्यासाठी ती शिक्षेला पात्र ठरली. "सोडता येत नसेल तर नीट सांभाळा. दारात आलेला जीव आहे." निर्णय झाला. माझा सोळा वर्षांचा मुलगा खूश झाला.

खुशी चारच दिवस टिकली. बरणीचं झाकण काढलं की कोळीण पुढचे पाय उंच करून मागे रेलायची आणि काळे दात दाखवायची. मुलाला त्यात गंमत वाटू लागली. एका संध्याकाळी त्याने पेन्सिलीने तिला डिवचलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत ती पेन्सिलीवर चढून त्याच्या बोटांपर्यंत आली. त्याने पेन्सिल बरणीतच सोडली आणि मी झाकण दाबलं. बाजूलाच माझी चार वर्षांची पुतणी उभी होती. मी मुलाच्या कानाखाली वाजवली.

इतक्या वर्षांत मी त्याच्यावर हात उचलला नव्हता. त्याचे अब्बू कुवेतला असतात. घरात रागवणारी आणि समजावणारी मी एकटीच. त्यानंतर तो माझ्याशी बोलेना. जेवायला यायचा, ताटावर मान खाली घालून बसायचा, मी काही विचारलं की अंगावर यायचा.

मी उर्दू आणि मराठी शिकवणारी बाई. विज्ञान माझा विषय नाही. पण दुसऱ्याच्या जिवाची जबाबदारी घेतली होती, म्हणून वाचायला बसले. या जातीला शास्त्रीय नाव दिलं पोकॉक या इंग्रज अभ्यासकाने, 1897 मध्ये. अमेरिका खंडातले बरेच टॅरंटुला पोटावरचे खाज आणणारे केस उडवून शत्रूला पळवतात. आफ्रिका-आशियातल्या कोळ्यांकडे ते हत्यार नाही. त्यांच्याकडे फक्त पळणं, लपणं आणि नाइलाज झाला तर चावणं. चावा फार दुखतो, स्नायूंत गोळे येतात, कधी कधी ते काही दिवस राहतात. म्हणून हा हातावर घेण्याचा प्राणी नव्हे. पण मला थांबवलं ते दुसऱ्याच गोष्टीने. पाय उंच करणं हा हल्ला नसतो. 'जवळ येऊ नकोस' ही विनवणी असते. लपायला जागा मिळाली तर ती लढायला उभीच राहत नाही.

आमच्या बरणीत लपायला काहीच नव्हतं. उजेड चारी बाजूंनी, भुसा ओला, वटारच्या पावसाळी हवेत त्यावर पांढरी बुरशी धरू लागलेली. शिवाय बरणी उंच. काचेवर चढून पडली तर या कोळ्यांचं मऊ पोट फुटू शकतं.

मी मुलाच्या खोलीच्या दारात गेले आणि म्हटलं, "चूक तुझी होती, पण हात उचलणं ही माझी चूक. आता तिचं घर बांधायला मला मदत कर." तो लगेच काही बोलला नाही. थोड्या वेळाने वही-पट्टी घेऊन बाहेर आला.

नालासोपाऱ्याच्या काचवाल्याकडून फूटभर लांब-रुंद पेटी करून घेतली. समोरासमोरच्या दोन बाजूंना प्लॅस्टिकच्या पट्ट्या बसवून तापलेल्या सुईने बारीक भोकं पाडली, म्हणजे हवा आरपार खेळेल. मोठी भोकं नकोत. कोळी चिंचोळ्या फटीतूनही निसटतो. झाकणाला कडी आणि लहान कुलूप, पुतणीसाठी. तळाला नारळाचा भुसा आणि माती. दोन्ही तव्यावर भाजून अगदी कोरडी केलेली, वीतभर खोल दाबून भरलेली, म्हणजे तिला खोदता येईल आणि पडली तरी उंची कमी राहील. वाडीतली माती मुद्दाम घेतली नाही. तिथे फवारणी होते. एका कोपऱ्यात तिरकी झाडाची जाड साल, तिच्याखाली बोटाने सुरू करून दिलेलं बीळ. दुसऱ्या कोपऱ्यात पाण्यासाठी बाटलीचं झाकण. दिवा नको, हीटर नको. आपल्याकडची हवा तिला पुरेशी उबदार आहे. त्या खोलीत डासांची कॉइल, मशीन, झुरळांचा फवारा बंद. ते विष किड्यांना मारतं तसं कोळ्यालाही. मुलगा मच्छरदाणीत झोपू लागला.

तिला हलवायचं कसं, हा प्रश्न होता. ब्रशने ढकलायचं नाही, असं मुलानेच ठरवलं. झाकण काढून बरणी नव्या पेटीत आडवी ठेवली, पेटीला कुलूप लावलं, वर काळं कापड टाकलं. फजरच्या नमाजला उठलो तेव्हा बरणी रिकामी होती आणि सालीखालून एकच नारिंगी पाय दिसत होता. बरणी लांब चिमट्याने काढली.

आठवडाभरात तिने सालीभोवती पांढऱ्या रेशमाचे पडदे आणि बोगदे विणले. आता झाकण उघडलं की ती उभी राहत नाही. सरकन आत जाते. आठ-दहा दिवसांनी एखादं पाळलेलं झुरळ चिमट्याने द्यायचं, खाल्लं नाही तर काढून घ्यायचं. कात टाकताना ती पाठीवर उलटी पडते. पहिल्यांदा पाहून आम्ही 'इन्ना लिल्लाह' म्हणून बसलो होतो! अशा वेळी हात लावायचा नाही.

कुरआनात एका सूरहचं नावच 'अन्कबूत', म्हणजे कोळी. अल्लाहला सोडून इतरांचा आसरा धरणाऱ्यांना तिथे कोळ्याच्या घराची उपमा दिली आहे, सर्वांत कमकुवत घर. मुलाने विचारलं, "मग अम्मी, आपण तिचं घर मजबूत केलं का?" मी म्हटलं, "नाही रे. एक धक्का लागला तर तेही जाईल. आपण फक्त धक्का लागू नये एवढं बघायचं."

वाचकहो, हे वाचून कुणी टॅरंटुला आणू नये, ही विनंती. 2021 मध्ये चेन्नईत पोलंडहून आलेल्या एका पार्सलमध्ये छोट्या कुप्यांत भरलेले 107 जिवंत कोळी कस्टम्सला सापडले होते. अशा व्यापारामुळेच 2019 मध्ये भारत-श्रीलंकेतल्या झाडांवर राहणाऱ्या देखण्या टॅरंटुलांचा पूर्ण गट आंतरराष्ट्रीय 'सायटिस' यादीत घ्यावा लागला. 2022 मध्ये आपला वन्यजीव कायदाही कडक झाला. त्या यादीतला परदेशी जीव घरात असेल तर नोंदणी करावी लागते. आमची कोळीण त्या यादीत नाही, हे आम्ही आधी पाहून घेतलं. आपल्या डोंगरातले कोळी तर डोंगरातच राहू द्यावेत.

मादी दहा वर्षांहून अधिक जगू शकते. मुलगा दोन वर्षांत शिकायला बाहेर जाईल. कुलपाची किल्ली तेव्हा माझ्याकडेच येणार, हे मला ठाऊक आहे. परवा त्याच्या खोलीचं दार बंद होतं. पूर्वी मी सरळ ढकलून आत जायचे. आता मी दारावर टकटक करते आणि थांबते.