कमळ नव्हे, कुमुदिनी

लक्ष्मीपूजन आटोपल्यावर लाभपंचमीला दुकान पुन्हा उघडेपर्यंत आपल्या व्यापारी कुटुंबांना दोन-चार दिवस मोकळे मिळतात. त्या दिवसांत आम्ही अहिल्यानगरहून भंडारदऱ्याला निघालो. संगमनेर, अकोले मागे पडले आणि राजूरच्या अलीकडे रस्त्यालगतच्या एका उथळ तळ्यापाशी गाडी थांबवली. पाणी गुडघाभरही नसावे. गोल पानांच्या दाटीतून शेकडो शुभ्र फुले माना वर काढून उभी होती.

"आजोबा, कमळे!" नात आनंदाने ओरडली. मीही मान डोलावली; पण काठाशी गेल्यावर मनात शंका आली.

कमळाची पाने बहुधा पाण्याच्या वर उचललेली असतात आणि त्यांना खाच नसते. येथील पाने पाण्यावर सपाट टेकलेली होती व देठापाशी चिरलेली होती. मग हे कुमुद असेल का, ज्याला आपण वॉटर लिली म्हणतो? पण कुमुदाला पाकळ्या व पुंकेसर पुष्कळ असतात आणि प्रत्येक फुलाचा देठ तळाच्या चिखलातून स्वतंत्र वर येतो. येथे पाकळ्या पाच-सहाच होत्या. फूल रुपयाच्या नाण्याएवढे, मध्यभागी पिवळे आणि पाकळ्यांवर कापसासारखी दाट लव. तेवढ्यात वाऱ्याने एक पान उलटले आणि पानाच्या अगदी खालूनच फुलांचा झुबका निघालेला दिसला. आता शंका उरली नाही. ही कुमुदिनी. लिनियसने १७५३ मध्ये हिचे वर्णन केले. आजचे शास्त्रीय नाव निम्फॉइडिस इंडिका. साताऱ्याजवळच्या कास पठारावरील कुमुदिनी तळे हिच्याच नावाने ओळखले जाते. गंमत अशी की, काव्यातले कुमुद चंद्रोदयाने फुलते, तर ही कुमुदिनी सकाळच्या उन्हात उमलते.

"एक फूल घरी नेऊ या?" नातीने विचारले. तिची आजी म्हणाली, "बेटा, ओळख पटली ना? मग तोडायचे कशाला? तेही जीवच आहे." फूल न तोडता, पाण्यात पाऊलही न टाकता ओळख पटली होती, याचे मला समाधान वाटले.

पुढे भंडारदऱ्याला १९२६ साली पूर्ण झालेले प्रवरेवरील धरण व त्याचा अथांग जलाशय पाहिला. पण मन त्या उथळ तळ्याकडेच ओढ घेत होते. कुमुदिनीला मुळे रोवण्यासाठी असेच उथळ, संथ पाणी लागते आणि नेमक्या अशाच जागा आपण निरुपयोगी समजून बुजवतो. त्या तळ्याच्या एका कडेला मुरमाचा ढीग पडलेला होताच.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी परतताना पुन्हा थांबलो. फुले मिटली होती. नात हिरमुसली. तिला सांगितले की, प्रत्येक फुलाचे आयुष्य एका दिवसाचे असते. उद्या सकाळी नव्या कळ्या उमलतील.

माल पारखल्याशिवाय आपण त्याचे नाव सांगत नाही. काठावरच्या सजीवांना मात्र सरसकट 'कमळ' म्हणून पुढे जातो. या वाटेने जाणाऱ्या वाचकांनी सकाळच्या वेळी क्षणभर थांबावे, पाकळ्या मोजाव्यात आणि फूल पाण्यावरच राहू द्यावे.