नदीवरचं इंजिन

विष्णुपुरी धरणाच्या वरच्या अंगाला आमच्या मामांची लाकडी नाव होती. डांबर लावून काळीभोर, मागं जुनं डिझेल इंजिन. तीनदा हँडल मारायचं, चौथ्यांदा शिवी हासडायची, मग सुरू! रविवारी आजी, मावश्या, आम्ही पोरं भाकरी-ठेचा बांधून निघायचो. गळाला रोहू लागला तर पोरं खूश. आजीला मात्र वांबच पाहिजे, कालवण तिच्या हातचं.

आता रात्री गोदावरीत इंजिन वाजलं की काठावरचे लोक एवढंच म्हणतात, "वाळूवाले." खोटं वाटत असेल तर एकदा जाऊन ऐका. पथक येतं, तराफे जाळतं, बोटी फोडतं, पेपरात फोटो येतो. थोड्या दिवसांनी पुन्हा तोच आवाज. जिथं आम्ही गुडघाभर पाण्यात नाव ढकलायचो, तिथं आता तळ लागत नाही. उपशाचे खड्डे. पोहणाऱ्या पोराला ते वरून कसे दिसणार?

मामांनी गेल्या उन्हाळ्यात इंजिन उतरवलं. "कारवाईत आपलीच पहिली जाळतील," म्हणले. माझी लेक परवा त्यांना विचारत होती, "आजोबा, नाव कधी काढायची?"

मामा माळ्यावर वल्ही शोधायला गेले.