जीन्स : विकत घेतलेल्या आणि वारशाने आलेल्या

'जीन्स' म्हटलं की आपल्याला आधी मॉलमधला सेल आठवतो. ट्रायल घ्यायची, नाही बसल्या तर बदलून आणायच्या. दुसऱ्या जीन्सना मात्र ट्रायल नाही आणि एक्स्चेंज तर नाहीच! लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरला आमचं घर. तिथून मला जे मिळालं, त्यात शुगरही असू शकते. आजोबांना होती, बाबांना आहे, आत्यालाही आहे.

याच शुगरवरून माझ्या चुलत बहिणीचं जमत आलेलं लग्न मोडलं. "पोरगी चांगलीय, पण घराण्यातच शुगर हाय म्हणं," असा निरोप आला. पुण्यात नोकरी करणारी, स्वतःचे रिपोर्ट एकदम नॉर्मल असलेली मुलगी! काकूंचं जेवणावरून मन उडालं. बाबा म्हणाले, "रक्तातच आहे, त्याला कोण काय करणार?"

मला हे वाक्य पटत नाही. टाइप टू डायबिटीसचा असा एकच जीन नसतो. शेकडो ठिकाणचे छोटे छोटे बदल धोका थोडा थोडा वाढवतात. सर्रास आढळणाऱ्यांपैकी सगळ्यात दमदार बदल टीसीएफ७एल२ या जीनमधला. त्यामुळे इन्सुलिन कमी स्रवतं. २००६ मध्ये आइसलंडच्या संशोधकांनी तो दाखवला. एका पालकाकडून आला तर धोका सुमारे दीडपट, दोघांकडून आला तर जवळपास अडीचपट. पुढच्याच वर्षी पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबीचे डॉ. गिरिराज चांडक यांच्या टीमला पुण्यातल्या पेशंट्समध्येही तो सापडला. म्हणजे बाबा अर्धे बरोबर आहेत.

आता उरलेलं अर्धं. २००६ मध्येच अमेरिकेत डायबिटीसच्या उंबरठ्यावरच्या साडेतीन हजार लोकांचा हाच जीन तपासला गेला. ज्यांना नुसती खोटी गोळी दिली होती, त्यांच्यात दोन्हीकडून बदल आलेल्यांचा धोका, तो अजिबात नसलेल्यांपेक्षा सुमारे ८० टक्के जास्त निघाला. दुसऱ्या गटाला आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम आणि सात टक्के वजन कमी, असं टार्गेट होतं. तिथे हा फरक १५ टक्क्यांवर आला. जीन तेच, फक्त दिनक्रम वेगळा!

आमच्याच घरात बघा ना. आजोबांना शुगर निघाली साठीनंतर, बाबांना चाळिशीत. एका पिढीत जीन्स एवढ्या बदलत नाहीत. आजोबा शेतात राबायचे, बाबा दुकानात गादीवर बसतात, मी दहा तास कॉम्प्युटरसमोर. पुढचा आकडा कुठे जाणार, याचं मला खरं टेन्शन आहे.

म्हणून घरात शुगर असेल तर महागड्या जीन टेस्टआधी साधी एचबीए१सी करा, दरवर्षी. ५.७ च्या खाली असेल तर छान. ५.७ ते ६.४ असेल तर घाबरू नका, पण बूट घाला आणि चालायला लागा.

बहिणीने तिचा रिपोर्ट बायोडेटालाच जोडलाय. आणि काकूंनी आता ठरवलंय, पुढचं स्थळ आलं की पहिला प्रश्न आपलाच : "मुलाची शुगर कधी तपासली होती?"