मोजणीचा आवाज

शस्त्रक्रियेला निघालेल्या माणसामागे आपण देवाचे नाव घेतो; आत मात्र एक साधी मोजणीही त्याचे प्राण राखीत असते. रक्त टिपण्याच्या कापडी घड्या एकदा भिजल्या की आतड्यांत ओळखू येत नाहीत. म्हणून त्या आधी मोजावयाच्या आणि पोट शिवण्यापूर्वी पुन्हा मोजावयाच्या.

औरंगाबादच्या (आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या) सरकारी रुग्णालयात १९६३ साली, बाळंतपणानंतर संततिनियमनाची शस्त्रक्रिया झालेल्या एका भगिनीच्या पोटात असे कापड राहिले. पोट पुन्हा उघडून ते काढले. पण त्याच जुलै महिन्यात ती गेली. सर्वोच्च न्यायालयाने तिच्या कुटुंबाची ३६,००० रुपयांची भरपाई पुन्हा बहाल केली, तेव्हा १९९६ साल उजाडले होते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००८ च्या तपासयादीप्रमाणे, रुग्णास बाहेर नेण्यापूर्वी परिचारिकेने मोजणी पुरी झाल्याचे तोंडाने सांगावयाचे असते. आमच्या कमरीपेठेत लग्नघरची भाड्याची भांडी परत करताना एकजण मोठ्याने मोजतो, दुसरा लिहितो. त्यात कोणी कोणाचा अविश्वास मानीत नाही.

मग ‘मोजणी झाली ना?’ असे डॉक्टरांना नम्रपणे विचारण्यात संकोच कसला? आणि शस्त्रक्रियेनंतर दुखणे हटत नसेल, तर ‘बाईमाणसाने सोसावे’ असे म्हणून आपल्या लेकीसुनांना गप्प बसवू नये, एवढेच मला सांगावेसे वाटते.