एक डायनामो, नऊ सायकली

सायकल हे एकट्याने चालवायचे वाहन आहे, असा एक समज आहे. तो दिवसापुरता खरा. रात्री नऊ जणांनी एकाच दिव्यावर सायकली हाकल्या, की ती बैलगाडीपेक्षाही सार्वजनिक होते.

आमच्या माळशिरसहून पंढरपूर पन्नासएक किलोमीटर. खुडूस, वेळापूर, तोंडले, भंडीशेगाव, वाखरी, म्हणजे ज्ञानोबांच्या पालखीचीच वाट. आषाढात तिथे पाय ठेवायला जागा नसते, म्हणून आम्ही कार्तिकातली दशमी धरली. रात्री दहाला निघायचे आणि एकादशीच्या पहाटे चंद्रभागेत बुडी मारायची. १९८०च्या सुमारास हा बेत सुरू झाला तेव्हा आम्ही नऊ जण होतो आणि डायनामो एक. तो टेलर अण्णांच्या सायकलला. बाकीच्यांना घंटी होती. घंटी नव्हती त्यांना गळा होता.

दशमीचा चंद्र भला असतो, पण मुक्कामापर्यंत सोबत करत नाही. रात्री दोन-अडीचला मावळतो. त्यानंतर अण्णा हेच आमचे तारामंडळ! डायनामोचा स्वभाव तुम्हांला ठाऊकच आहे. चाक फिरते तोवर उजेड, थांबले की अंधार. अण्णा पाणी प्यायला थांबले, की आठ जण आंधळे. कुणाची चेन उतरली, तर अण्णांची सायकल स्टँडवर चढवून एकाने हाताने पायडल फिरवायचे आणि दुसऱ्याने त्या उजेडात चेन बसवायची. पुढे जायची सोय नव्हती, कारण पुढे उसाची बिनदिव्याची गाडी. मागे पडायची हिंमत नव्हती, कारण मागे कुत्री. या एकजुटीला आम्ही बरीच वर्षे भक्ती म्हणत होतो.

आता पन्नासएक जण निघतात. प्रत्येकाला गिअर, प्रत्येकाला हेल्मेट आणि प्रत्येकाला स्वतःचा दिवा. २०२१ साली पालखीमार्गाच्या चौपदरीकरणाचे भूमिपूजन झाले. रस्ता रुंद होताना जुनी झाडे गेली आणि त्यांच्याबरोबर आमच्या विसाव्याच्या जागाही. पहिला गडी साडेबारालाच पंढरपूर गाठतो आणि तिथून फोन करतो, ‘‘काका, कुठवर आलात?’’ ‘‘वेळापूर.’’ ‘‘अजून?’’ या ‘अजून’ला चाळीस वर्षांत कुणी जागा दिली नव्हती.

जुन्या काळ्या सायकलींचे तर विचारूच नका. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली बंद पडला, तोही नेमका ३ जूनला, म्हणजे जागतिक सायकलदिनी. मुहूर्त काढावा तर असा!

पण सगळेच बिघडले म्हणावे, तर सूनबाई समोर येते. पूर्वी दशमीच्या रात्री घरच्या बायका आम्हांला दशम्या बांधून देत आणि दाराशी उभ्या राहत. त्या अंधारात त्यांना कुणी धाडले नसते. आज दशम्या आम्ही विकत घेतो आणि सूनबाई हँडल धरते. तिनेच मला सांगितले, की लंडनहून समुद्रकाठच्या डनविच गावापर्यंत जुलैच्या पौर्णिमेजवळच्या शनिवारी लोक अशीच रात्रभर सायकल हाणतात. अंतर सुमारे १८० किलोमीटर, आणि नाव ‘डनविच डायनामो’. मी म्हटले, बघा, आमचे अण्णा पोचले इंग्लंडात!

यंदाच्या बैठकीत मी सुचवले, की तोंडले ते भंडीशेगाव सगळ्यांनी दिवे मालवून एकाच दिव्यामागे चालावे. तरुण मंडळींनी माझ्याकडे, म्हातारा आता पायीच बरा, अशा नजरेने पाहिले. सूनबाई म्हणाली, ‘‘बाबा, उसाची गाडी तेव्हा बैलांची होती. आता ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या असतात.’’ ठराव नामंजूर झाला, आणि योग्यच झाला. मग तिने दुसरा मांडला. सर्वांत मागच्या गड्याबरोबर पाळीपाळीने एकाने राहायचे. पहिली पाळी तिची. सर्वांत मागचा कोण, यावर मतदानाची गरज पडली नाही.

रात्रभर ती माझ्या शेजारून चालली. ‘‘दमलात?’’ म्हणाली, की मी ‘‘छे!’’ म्हणायचो आणि ती स्वतःच दमल्याचे सांगून उतरायची. तिचा दिवा चाक थांबले तरी विझत नाही. आम्ही अण्णांना सोडून गेलो नाही, कारण जाताच येत नव्हते. तिला येत होते.