दाणा, कडबा आणि आकडा

पिकाचा अंदाज बांधण्याची प्रथा शेतीइतकीच जुनी असावी. बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात, त्याभोवती अठरा प्रकारची धान्ये ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणता दाणा जागचा हलला, कोणता तसाच राहिला हे पाहून वर्षाचे पीकपाणी सांगतात. धान्याबरोबर गुरांच्या चाऱ्याचे भाकीतही तेथे सांगितले जाते. वृत्तपत्रे ते दरवर्षी छापतात आणि विवेकवादी मंडळी दरवर्षी त्यावर आक्षेप घेतात. आक्षेप रास्तच आहे. तथापि या भाकितावर कोणाचे कर्ज थांबत नाही आणि कोणाचा शेतसारा माफ होत नाही. सरकारी अंदाजाचे तसे नाही. तो अंदाज म्हणजे एक प्रकारचा निवाडाच असतो.

या निवाड्याचे आपल्याकडील नाव पैसेवारी. जुने नाव आणेवारी. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हा पूर्ण पीक म्हणजे सोळा आणे, आणि त्या मानाने यंदाचे पीक किती आणे, हे महसूल खाते ठरवीत असे. शेतसारा तहकूब करायचा की वसूल करायचा, हे त्या आण्यांवर अवलंबून असे. १९१८ चा खेडा सत्याग्रह आपण पाठ्यपुस्तकात वाचतो, परंतु त्याच्या मुळाशी हाच वाद होता हे सहसा कोणी सांगत नाही. पीक चार आण्यांच्या खाली आहे, म्हणून सारा तहकूब करा, असे शेतकऱ्यांचे म्हणणे होते. पीक चार आण्यांच्या वर आहे, असे सरकारचे म्हणणे होते. दोन्ही बाजू त्याच शेतांकडे पाहत होत्या.

आणे गेले, पैसे आले, आणि सीमारेषा ५० पैशांवर स्थिरावली. मराठवाड्यात खरिपाची नजरअंदाज पैसेवारी सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरअखेर आणि अंतिम पैसेवारी डिसेंबरच्या मध्यास जाहीर होते. मंडळ अधिकारी, तलाठी, कृषी सहायक, सरपंच अशा मंडळींच्या समितीने शेतात दहा मीटर बाय दहा मीटरचा, म्हणजे एक आराचा तुकडा आखायचा, त्यातले पीक कापायचे, दाणा वजन करायचा आणि ठरलेल्या प्रमाण उत्पन्नाशी ताडून पाहायचे, अशी ही पद्धत. आकडा ५० च्या आत आला की जमीन महसुलात सूट, सहकारी कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीस स्थगिती, वीजबिलात सवलत, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्कमाफी, अशी दारे उघडतात. ५१ आला की ती बंद राहतात. एका पैशावर एवढा भार टाकल्यावर तो पैसा निव्वळ मोजमापाचा कसा राहील? गावाला तो खाली हवा असतो, वरच्या कचेरीला तो वर हवा असतो, आणि तलाठी बिचारा मध्ये उभा असतो.

पैसेवारीवर टीका पुष्कळ झाली आहे. ती ढोबळ आहे, ती उशिरा येते, तीत दडपणाला वाव आहे, हे सारे खरे. आमची तक्रार मात्र निराळी आहे. या मोजणीत दाणा वजन होतो आणि ताट धुऱ्यावर पडून राहते. ज्वारीच्या मुलखात ही चूक लहान नव्हे.

आमचे आजोळ बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यात, बीड जिल्ह्यात. आमचे आजोबा शाळेत फारसे गेले नव्हते, परंतु उभ्या ज्वारीतून एक चक्कर मारली की ते अंदाज सांगत. आणि तो सांगताना ते नेहमी दोन आकडे सांगत: ‘इतकी पोती, इतके शेकडे.’ पोती दाण्याची, शेकडे कडब्याच्या पेंढ्यांचे. एक आकडा सांगून ते कधी थांबल्याचे आम्हांस स्मरत नाही. पोती म्हणजे माणसांचे वर्ष आणि शेकडे म्हणजे बैलांचे वर्ष, आणि बैलांचे वर्ष निभावले नाही तर पुढच्या मृगात माणसांचेही निभावणार नाही, हे त्या घरात कोणी कोणाला समजावून सांगत नसे. खळे उरकल्यावर गंजी रचली जाई. मुलीचे स्थळ पाहायला आलेली माणसेही आधी गंजीकडे पाहत आणि मग ओसरीवर बसत.

मालदांडी ज्वारीचे मोठेपणही यातच आहे. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रातून १९३० च्या दशकात निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण आजही रब्बीत टिकून आहे. त्याची भाकरी गोड, हे एक कारण. त्याचे ताट पुरुषभर उंच वाढते आणि कडबा गुरे आवडीने खातात, हे दुसरे. दाण्याच्या दुपटी-तिपटीने कडबा देणारे हे पीक आहे. १९६४ मध्ये सीएसएच-१ हा पहिला संकरित वाण आला. त्याने खरिपातील दाण्याचे आकडे वाढवले, ताट मात्र आखूड केले. पावसात सापडला की त्याचा दाणा काळा पडे, हा आणखी एक दोष. सरकारी तक्त्यात हेक्टरी उत्पादन वाढले, आणि तक्ता खोटा नव्हता. पण शेतकरी तो वाण पाहून ‘बैलाला काय घालू?’ असे विचारी, त्या प्रश्नाला तक्त्यात रकाना नव्हता. पुढे मराठवाड्याच्या खरिपात सोयाबीन आले आणि ज्वारीचे क्षेत्र झपाट्याने घटले. सोयाबीनने रोख पैसा दिला, यात शंका नाही. परंतु सोयाबीनला कडबा नाही. त्याचे भुसकट म्हणजे कडब्याची जागा घेणारी वैरण नव्हे. शेतकऱ्याचे उत्पन्न वाढते आहे आणि त्याच शेतातला चारा नाहीसा होतो आहे, अशी ही अवस्था, आणि अंदाजाच्या कागदावर तिचा अर्धाच भाग उमटतो.

१९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या पिढीकडून ‘मिलो’ हा शब्द आम्ही अनेकदा ऐकला. रेशनवर मिळणारी तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटे, आणि चवीबद्दल तर कोणी बरे बोलल्याचे ऐकले नाही. ही मिलो अमेरिकेतून आली होती, आणि ज्या मुलखात ती पिकते तेथे ती माणसांसाठी पिकवली जात नाही. टेक्सास, कॅन्ससच्या सपाट प्रदेशात ती प्रामुख्याने गुरांना पुष्ट करण्यासाठी घालतात. तेथे गुरांचे जे प्रचंड उघडे गोठे असतात त्यांना फीडलॉट म्हणतात. चरून वाढलेले वासरू तेथे आणायचे, चार-सहा महिने मका किंवा मिलो खाऊ घालायची आणि वजन भरले की खाटिकखान्यात पाठवायचे, असा तो धंदा. आमच्या आजोळच्या माणसांनी ज्या धान्यावर दिवस काढले, ते असे दुसऱ्या देशातल्या गुरांच्या गव्हाणीतले होते. यात अमेरिकेला बोल लावण्याचे कारण नाही. धान्य आले म्हणून माणसे तगली.

त्या मुलखाची एक गोष्ट मात्र आम्हांस विचार करण्याजोगी वाटते. अमेरिकेचे कृषिखाते दर महिन्याला पिकांचे अंदाज प्रसिद्ध करते, आणि दर महिन्याला फीडलॉटमधल्या गुरांची मोजणीही प्रसिद्ध करते. हजार किंवा त्याहून अधिक गुरांची क्षमता असलेल्या गोठ्यांत आज किती गुरे आहेत, महिन्यात किती नवी आली, किती विकली गेली, असे तीन आकडे. एकूण संख्या अलीकडच्या वर्षांत एक कोटी ते सव्वा कोटीच्या दरम्यान राहिली आहे. व्यापारी हे दोन्ही अहवाल शेजारी ठेवून वाचतात, कारण मक्याचा अंदाज खाली आला की दाणा महागतो, आणि दाणा महागला की गोठ्यात येणारी वासरे कमी होतात. हा आकडा इतका मौल्यवान, की १९०५ मध्ये कापसाच्या अंदाजाचे आकडे प्रसिद्धीपूर्वीच सट्टेबाजांना पोहोचवल्याचे प्रकरण उघड झाले, आणि तेव्हापासून अंदाज बंद दाराआड तयार करण्याचा शिरस्ता पडला. तेथे हेतू नफ्याचा आहे, पण धान्य आणि जनावर ही एकाच हिशेबाची दोन अंगे आहेत हे त्या हिशेबाला ठाऊक आहे.

आपल्याकडे गुरांची मोजणी होते ती दुष्काळ पडल्यावर, चारा छावणीत. फीडलॉटमध्ये जनावर मरण्यासाठी वाढवतात, तर छावणीत ते जगावे म्हणून ठेवतात. बाकी दृश्य दुरून सारखेच: ओळीने बांधलेली गुरे, गव्हाणी, पाण्याचे टँकर. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी राज्य सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. छावण्यांचा शासन निर्णय निघाला तो जानेवारी २०१९ च्या अखेरीस. मे महिन्यापर्यंत छावण्यांतील जनावरांची संख्या दहा लाखांच्या घरात गेली होती. मोठ्या जनावरामागे दिवसाला सुरुवातीस ७० रुपये अनुदान होते, ते वाढत १०० रुपयांवर गेले. लहान जनावरास त्याच्या निम्मे. एका मोठ्या जनावरास पंधरा किलो हिरवा चारा धरला, तर दहा लाख जनावरांना दिवसाकाठी पंधरा हजार टन चारा लागतो. तो आला मुख्यत्वे उसातून. ज्या पिकाला पाणी फार लागते म्हणून आपण एरवी बोटे मोडतो, त्याच पिकाच्या वाढ्यांवर आणि कांड्यांवर दुष्काळी गुरे जगली.

त्या मे महिन्यात आम्ही दोन दिवस आजोळच्या जवळच्या एका छावणीत काढले. आमचे मामा आपले दोन बैल आणि एक गाय घेऊन तेथे राहिले होते. मामी गावात, शेळ्या आणि घर सांभाळीत. हिरव्या जाळीच्या सावलीत प्रत्येक कुटुंबाचा एक माणूस असाच बाजेवर मुक्कामाला होता. गुरांच्या कानांत बिल्ले होते, त्यांची हजेरी यंत्रावर घेतली जाई, कारण काही छावण्यांत कागदावरची गुरे दावणीच्या गुरांपेक्षा अधिक असल्याचे तपासणीत आढळले होते. आकड्यावर पैसा अवलंबून असला की आकडा फुगतो. पैसेवारीचा खाली ओढला जातो, छावणीचा वर. आम्ही मामांना विचारले, पैसेवारी ५० च्या आत आल्याचे कळले तेव्हा बरे वाटले असेल ना? ते हसले. ‘भाचेबुवा, पैसेवारी कागदावर आली तवा आमची गंजी कवाच सपली होती. धाकला बैल दिवाळीच्या आतच बाजार दाखवला.’

मामांचे हे वाक्य आमच्या मते साऱ्या विषयाचे सार आहे. चाऱ्याचा तुटवडा हा दुष्काळाचा पहिला आकडा असतो आणि आपण तो सर्वांत शेवटी मोजतो. गंजी लहान होते, मग बाजारात बैल वाढतात, त्यांचा भाव पडतो, मग छावणीची मागणी होते, मग शासन निर्णय निघतो. मार्च २०१५ पासून गोवंश हत्याबंदीत बैलही आले, त्यामुळे म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईक मिळणे अधिक कठीण झाले. या कायद्याबद्दल कोणाचे मत काहीही असो, ज्याला बैल विकता येत नाही त्याला तो पोसावा लागतो, आणि पोसण्यासाठी चारा लागतो, एवढे तरी मान्य व्हावे. २०१२ ते २०१९ या दोन पशुगणनांच्या दरम्यान राज्यातील गोवंश सुमारे दहा टक्क्यांनी घटला. त्याला ट्रॅक्टर हे कारण आहे, आणि रिकामी गंजीही आहे.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ संहितेने पैसेवारीची जागा शास्त्रीय निर्देशांकांना दिली: पाऊस, पेरणी, जमिनीतील ओल, भूजल, उपग्रहाला दिसणारी हिरवाई. राज्याने २०१७ मध्ये ही पद्धत स्वीकारली. पैसेवारीही आपल्या जागी चालूच आहे. ही सुधारणा आहे, असे आम्ही मानतो. उपग्रहाला कोणी चहा पाजून वश करू शकत नाही. परंतु त्याला जे हिरवे दिसते ते ऊस आहे, सोयाबीन आहे की ज्वारी, आणि त्यातले किती गुराच्या तोंडी लागणार, हे निर्देशांक सांगत नाही. आजोबांचा दुसरा आकडा नव्या पद्धतीतही गळालेलाच आहे.

उपाय फार अवघड नाही. एक आराचे पीक कापले जातेच. दाणा वजन होतोच. त्याच काट्यावर ताटेही ठेवावीत आणि फॉर्मवर आणखी एक रकाना आखावा. गावात जनावरे किती, हे पशुगणनेच्या कागदांत असतेच. दोन्ही शेजारी ठेवले तर कोणत्या गावाची वैरण कोणत्या महिन्यात संपेल, हे ऑक्टोबरातच कळेल, आणि छावणीचा निर्णय बैल बाजारात पोहोचण्याच्या आधी घेता येईल. दाण्याचा अंदाज चुकला तर सरकार धान्य आणू शकते. १९७२ मध्ये सातासमुद्रांपलीकडून आणलेही. कडबा जहाजाने आल्याचे मात्र ऐकिवात नाही.