सोनूचा चहा

अडीच वर्षांच्या मुलाने एकदा ओठ घट्ट मिटून घेतले, की ब्रह्मदेव खाली उतरला तरी ते उघडत नाहीत. हे मी तुम्हाला सांगायला नकोच. ज्यांच्या घरात या वयाचं मूल आहे, त्या सगळ्याजणी दिवसातून दोनदा तरी ही लढाई लढत असतात. कुणी चिऊ-काऊ दाखवतं, कुणी गॅलरीत नेऊन उभं करतं, हल्ली तर मोबाइलच पुढ्यात धरतात. घास काही आत जात नाही. मग शेवटी हाताशी एकच गोष्ट उरते, ती म्हणजे दूध.

आमच्या सोनूचं अगदी हेच होतं. भात नको, पोळी नको, फळ दिसलं की धूम पळ. दूध मात्र कधीही द्या, कितीही द्या. गेल्या वर्षी त्याचं वजन तीन-चार महिने एकाच आकड्यावर अडून बसलं आणि चेहरा पांढुरका दिसायला लागला, तेव्हा डॉक्टरांनी रक्त तपासून घ्यायला सांगितलं. हिमोग्लोबिन निघालं ९.२. या वयाच्या मुलाचं ते निदान ११ तरी असायला हवं. डॉक्टरांनी लोहाचे थेंब लिहून दिले आणि वर म्हणाले, "दूध दिवसाला दोन कप. त्याच्यापेक्षा जास्त नको."

वाचून चमकलात ना? आमच्या सासूबाई तर चांगल्याच चमकल्या. "पोराचं दूध तोडायचं? हा कुठला डॉक्टर म्हणायचा!" त्यांनी चार मुलं वाढवली ती गोठ्यातल्या गाईच्या दुधावर. त्यांचंही बरोबरच होतं हो, पण ती मुलं दुधाबरोबर भाकरीही हाणत होती. दुधात कॅल्शियम भरपूर असलं, तरी लोह जवळजवळ नसतंच. शिवाय दुधाने पोट टम्म झालं की बाकी कशाची भूकच उरत नाही, आणि जेवणातून जे थोडंफार लोह पोटात जातं तेही दुधामुळे अंगी कमी लागतं. हे सगळं मी सासूबाईंना समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बरं, मग त्या बदल्यात त्याच्या पोटात काय घालणार आहेस ते सांग."

प्रश्न बिनतोड होता.

त्याचं उत्तर शोधता शोधता आमच्याकडे चार वाजताचा पेला सुरू झाला. मी सकाळच्या शाळेत शिकवते, बाराच्या आत घरी असते. त्यामुळे चारची वेळ हक्काने माझी आणि सोनूची. विचार असा केला, की या मुलाचा विश्वास पिण्यावर आहे ना, मग पिण्यातूनच त्याला खाण्याकडे आणू या. शहरातल्या हॉटेलांत उंच ग्लासातून 'स्मूदी' म्हणून जे देतात ते तरी दुसरं काय असतं? अख्खं फळ दह्यात नाहीतर दुधात घुसळायचं आणि न गाळता प्यायचं. म्हणजे आपल्या शिकरणीचं धाकटं भावंडंच म्हणा ना. गाळायचं नाही हे मात्र महत्त्वाचं. नुसत्या रसात साखर तेवढी उतरते आणि चोथा गाळणीत राहतो. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१९ साली सांगितलंय, की फळांचा रस दोन वर्षांच्या आत देऊच नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला १२५ मिलिलिटरच्या वर नको.

आता मूल ते पिईल कसं, हा खरा मुद्दा. हल्ली सगळीकडे एक सल्ला मिळतो: पालक लपवा, बीट लपवा, चॉकलेटच्या रंगाखाली काहीही खपवा. मला हे पटत नाही. आमच्या शाळेतल्या एका बाईंनी मुलीच्या चॉकलेटच्या दुधात बीट घातलं होतं. तिला ते कळलं, आणि त्या दिवसापासून तिने चॉकलेटचं दूधही सोडलं! लहान मुलं संशयी असतात, आणि आपण लपवायला लागलो की त्यांचा संशय खराच ठरतो. त्यापेक्षा सगळं त्याच्या डोळ्यांदेखत, त्याच्याच हाताने होऊ द्यावं.

म्हणून मी सोनूला ओट्याजवळ न घेता खाली चटईवर बसवते. एक खोलगट पातेलं, लहान रवी आणि समोर केळं. केळं सोलायचं काम त्याचं. ते वाटीत हाताने कुस्करायचंही त्याचंच. दही मी घालते, आणि मग दोघांनी मिळून रवी फिरवायची. चटईवर सांडतं, कोपरापर्यंत माखतं, पण ते जुनं बेडशीट अंथरून निभावतं. मिक्सरच्या घुर्र आवाजाला काही मुलं बिचकतात, त्यांना रवीच बरी. आणि घुसळता घुसळता बोटं चाटली जातात ना, तिथेच निम्मं काम होतं. "खा" म्हणून कुणी मागे लागलेलं नसतं, त्यामुळे "नको" म्हणायला जागाच राहत नाही. नंतर दह्याच्या मिशा कुणाच्या मोठ्या, हे आरशात बघायला जायचं.

तरी नवी चव लगेच जमेलच असं नाही. चिकू सोनूने पहिल्या दिवशी नुसता हुंगला. दुसऱ्या वेळी बोट बुडवलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. मी काही न बोलता पेला उचलला. सहाव्या की सातव्या खेपेला स्वारीने घटाघटा पिऊन पेला पुढे केला. एखादी चव अंगवळणी पडायला आठ-दहा वेळा लागू शकतात, आणि आपण दोन खेपांनंतरच "आमच्याला चिकू आवडत नाही" असं शेजारीपाजारी जाहीर करून मोकळ्या होतो.

चहाची गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. आमचे मामंजी चार वाजता बशीत चहा ओतून फुंकर मारत पितात, आणि सोनूला तीच बशी हवी असे. चहा अंगात लोह मुरू देत नाही, त्यामुळे तो घोटभरही द्यायचा नव्हता. रडारड रोजची. मग मी नाचणीचं सत्त्व दोन चमचे घेऊन कपभर पाण्यात शिजवलं, भिजवलेले दोन बिनबियांचे खजूर त्यात वाटून घातले, वर थोडं दूध आणि वेलदोड्याची पूड. रंग बघाल तर थेट चहाचा! पण हा चहा आहे असं मी म्हटलं नाही हं. "ही सोनूची नाचणी" म्हणूनच बशीत ओतून दिली. त्याचं त्यानेच नाव ठेवलं, 'माझा चहा'. आता आजोबा-नातू समोरासमोर बसून फुंकर मारतात.

सासूबाईंचा विरोधही नाचणीनेच मावळला. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच गाईच्या दुधात सव्वाशेच्या आसपास, हे त्यांना सांगितलं तेव्हा त्या खुलल्या. अर्थात बशीत पीठ जातं ते दोनच चमचे, त्यामुळे ते दोन कप दूध चालू ठेवायचंच. सत्त्व त्या स्वतः करून देतात. नाचणी रात्रभर भिजवायची, फडक्यात बांधून दीड-दोन दिवस मोड आणायचे, उन्हात खडखडीत वाळवायची आणि मंद आचेवर जेमतेम कोरडी परतून दळायची. खमंग भाजायची नाही, आणि त्याला कारण आहे. मोड आलेल्या धान्यात पिठूळपणा तोडणारा एक पाचक घटक तयार होतो, आणि तो जास्त भाजल्याने मरतो. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास यांनी १९८० च्या दशकात यावर संशोधन केलं होतं. घट्ट शिजलेल्या गरम खिरीत असं पीठ चमचाभर ढवळलं, की खीर काही मिनिटांत पातळ होते. पाणी न वाढवता! म्हणजे ज्या मुलाच्या पोटात थोडंच मावतं, त्याला तेवढ्याच घोटांत जास्त अन्न मिळतं. घरी करून बघा, गंमत वाटेल. मग एक उकळी आणून गार करा.

याउलट 'हे' एकदा पौष्टिक म्हणून पावडरीचा मोठा डबा घेऊन आले. मी मागची बारीक अक्षरं वाचून दाखवली, त्यात साखरच किती ती! २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारलाही ऑनलाइन दुकानांना सांगावं लागलं, की अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या नावाखाली विकू नका. डबा यांनीच संपवला.

रंगाचं वेड असलेल्या मुलांसाठी उकडलेल्या बिटाच्या दोन चकत्या ताकात घुसळा. गुलाबी ताक बघूनच मुलं नाचतात. दुसऱ्या दिवशी शी-शू लालसर झाली तर घाबरू नका, तो बिटाचाच रंग. पपईचा पेला केल्या केल्या संपवा, दूध घालून ठेवला तर कडू होतो. सीताफळाची एकूण एक बी काढल्याशिवाय मिक्सर लावू नका, ती बी विषारी असते. अख्खा बदाम, शेंगदाणा किंवा अख्खं द्राक्ष या वयात देऊ नका, घशात अडकतं. बदामाची पूड चालेल. गुळालाही साखरच समजा. केळं-खजूर असताना त्याची गरज पडत नाही. आणि पेला लहान हवा, पाऊण वाटीचा, जेवणाच्या आधी दोन तास. दिवसभर घोट घोट पिऊ दिलं तर दात किडतात आणि जेवणही बुडतं.

तीन महिन्यांनी सोनूचं हिमोग्लोबिन ११.१ आलं. ते काम थेंबांचं, नाचणीचं नव्हे, हे आधीच सांगून टाकते. कुणी थेंब सोडून नुसत्या पेल्यावर विसंबू नये. थेंबही दुधातून द्यायचे नाहीत, हे आमच्या डॉक्टरांनी बजावलं होतं. पेल्याने झालं ते एवढंच, की दुधाची जागा रिकामी झाली तेव्हा तिथे काहीतरी आलं, आणि केळं घुसळणारा मुलगा हळूहळू वरणभातही कालवायला लागला.

पेल्यात उरलेलं "वाया कशाला घालवायचं" म्हणत ओट्याशी उभ्या उभ्या पिऊ नका हं. घुसळतानाच आपला पेला वेगळा काढून ठेवा आणि मुलाच्या शेजारी बसून प्या. सोनू तर माझ्या मिशा आधी तपासतो.